न घातलेल्या बुटाचा भुगा का होतो?

प्रश्न : माझ्या मुलाने पगारातून पैसे साठवून १८ हजारांना नायकी कंपनीचे एअर जॉर्डन ४ हे बूट घेतले. २०१२ सालचे, काळे-लाल, आधीच्या मालकाने एकदाही न घातलेले. तीन वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात जपले. यंदा अखाजीला पहिल्यांदा घातले, तर अंगणातून गाडीपर्यंत जाईतो सोलचे तुकडे पडले. घरचे म्हणतात, डुप्लिकेट माल गळ्यात मारला. खरं काय?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, आधी मुलाला धीर द्या. सोल फुटला एवढ्यावरून बूट डुप्लिकेट ठरत नाही. अस्सल जोडीचंही हेच होतं.

हे मॉडेल १९८९ मध्ये आलं, नायकीचे डिझायनर टिंकर हॅटफिल्ड यांनी डिझाइन केलेलं. त्याचा मिडसोल, म्हणजे पाय आणि खालचं रबर यांच्या मधला थर, पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हा फेस आतून तुटत जातो. त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णतेत ते आणखी झपाट्याने होतं. वरून चामडं, रंग सगळं नव्यासारखंच दिसतं. जळगावात माझ्या टेबलावर अशी जोडी आली की मी पहिल्यांदा अंगठ्याने टाच दाबतो. चांगला फेस लगेच वर येतो. गेलेला फेस दबलेलाच राहतो, बोटाला चिकटतो, नाहीतर कण्यांसारखा सुटतो.

आपण म्हणतो, खानदेशची हवा कोरडी. पण उन्हाळ्यात ४५ अंशांची धग आणि खोलीत दिवसरात्र कूलरची ओल! माझी स्वतःची एक जोडी कूलरसमोरच्या कपाटावर अशीच गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, म्हणून मुलाचं दुःख मला कळतं. त्यात प्लास्टिकमध्ये आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही.

विकणाऱ्याने मात्र सांगायला हवं होतं, की दहा वर्षांचा फेस भरवशाचा नसतो. २०२३ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने सामन्यात घातलेली जोडी २२ लाख डॉलरला गेली. ती कोणी घालून फिरणार नाही. तुमच्या मुलाला घालायचे आहेत, तेव्हा बूट टाकू नका. अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, चांगला असेल तर त्याच मापाच्या अलीकडच्या जोडीचा सोल काढून याला बसवता येतो. जुना गोंद अ‍ॅसिटोनने सोडवतात. दुसरी जोडी लागते म्हणून खर्च मोठा, आणि पुढे विकताना सोल बदलल्याचं सांगावंच लागेल. झटपट चिकटणारा गोंद घरी लावू नका, भुग्यावर काहीच धरत नाही.

पुढची जोडी कूलरपासून लांब, साध्या कागदात ठेवा आणि महिन्यातून दोनदा तरी पायात घालू द्या. घेण्याआधी बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल बघा. त्यावर बूट बनल्याची तारीख असते. शेजारचा मॉडेल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. याही जोडीचं ते लेबल आज पडताळून घ्या.