रेल्वे केंद्राची असताना शेजारची दोन राज्यं मिळून पॅसेंजर गाड्या सुधारू शकतात का?

हो, सुधारू शकतात. पण राज्यांनी स्वतःचा पैसा घातला तरच. "रेल्वे दिल्लीची, त्यात राज्यांचं काय काम" हे मी जवळजवळ तीस वर्षं माझ्या मामांकडून ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

माझी ताई इंदूरला दिलेली. नाशिकहून आग्रा रोडनं चारेकशे किलोमीटर. १९९६ साली तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी बसचा प्रवास साफ नको सांगितला. रेल्वेनं यायचं तर इंदूरहून मीटरगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीनं खंडवा, तिथे सामान घेऊन गाडी बदलायची, मग भुसावळवरून नाशिकरोड. तेही नको म्हणाले. ताई तिकडेच राहिली.

डिसेंबरात एका संध्याकाळी फोन आला, तिला दवाखान्यात नेलंय. आई आणि मी मिळेल त्या खाजगी बसनं निघालो. डालड्याच्या डब्यात आधीच करून ठेवलेले डिंकाचे लाडू, पिशवीत बाळंतविडा. शिरपूर मागे पडलं, बिजासन घाट लागला, आणि वळणावर ट्रक आडवा झालेला. पुढे-मागे नुसते दिवे. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि ट्रकवाल्यांच्या शेकोटीशी जाऊन बसला. खिडकीची काच पुरती लागत नव्हती. आईनं पिशवीतलं एक दुपटं काढून माझ्या पायांवर घातलं, थोड्या वेळानं "बाळाचं आहे गं" म्हणून परत घेतलं आणि घडी घालून ठेवलं. उजाडलं तरी आम्ही घाटातच. इंदूरला पोचलो दुपारी तीनला, भाची पहाटे सहाला झालेली. ताई एवढंच म्हणाली, "आई, सकाळी येणार होतीस ना?"

मामा मनमाडला रेल्वेत होते. परत आल्यावर मी त्यांना विचारलं, मनमाड-इंदूर सरळ लाईन का नाही? म्हणाले, "अगं, राज्यांनी जमीन मोजून द्यायची आणि गप्प बसायचं."

घटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राच्या यादीत आहे, तेवढं मामांचं खरं. पण कोकण रेल्वे कशी झाली? १९९० साली कंपनी काढली, त्यात केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू. चार राज्यांनी भांडवल घातलं म्हणून झालं. मनमाड-इंदूरसाठीही महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश २०१८ साली रेल्वे आणि जहाजवाहतूक मंत्रालयांबरोबर करारात आले. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २ सप्टेंबर २०२४ ला: ३०९ किलोमीटर, ३० नवी स्टेशनं, १८,०३६ कोटी. यंत्रमागाच्या मालेगावला आजवर स्टेशनच नाही.

आता तुमच्या पॅसेंजरचं. ही लाईन मुख्यतः मालासाठी मागितली गेली, इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांचा माल बंदराला लवकर जावा म्हणून. रूळ पडल्यावर पॅसेंजर मागायला गेलात तर मालगाड्यांमधून उरलेली वेळ मिळेल. शिवाय मनमाड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, इंदूर पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागात. राज्याच्या हद्दीपेक्षा ही हद्द जास्त नडते. दोन्ही सरकारांनी आत्ताच लेखी मागावं: सकाळी नाशिकरोडहून मालेगाव, धुळे करत मध्य प्रदेशातल्या सेंधव्यापर्यंत सगळीकडे थांबणारी गाडी, संध्याकाळी परत, आणि पहिली काही वर्षं तोटा निम्मा-निम्मा. वंदे भारतनं हे काम होणार नाही, ती मधल्या गावांत थांबत नाही. आणि सिंहस्थाचं तर बघा. नाशिकला २०२७, उज्जैनला २०२८, आणि दोन्ही गावांना जोडणारा सरळ मार्ग अजून नाही. एकतर वसईवरून गुजरातमार्गे रतलाम, नाहीतर भुसावळ, इटारसी, भोपाळ.

एक मान्य करते. भांडवल घातलं म्हणजे थांबे मिळतातच असं नाही. लांबच्या गाड्या आपल्या स्टेशनांवर थांबत नाहीत ही कोकणातल्या लोकांची तक्रार जुनी आणि रास्त आहे. म्हणून थांबे करारातच लिहून घ्यायचे. आणि ज्यांच्या जमिनी जाणार त्यांचा मोबदला आधी, गाड्यांची चर्चा नंतर.

तुम्ही कुठले ते लिहिलं नाहीत. या पट्ट्यातले असाल तर खासदाराच्या आधी आमदाराला गाठा, कारण राज्याचा हिस्सा विधानसभेत मंजूर होतो. मामा इथेच चुकले. मालेगाव, धुळे, शिरपूर आणि सेंधवा, चारही ठिकाणी एकच निवेदन द्या, गाडीची वेळ आणि थांबे नावानिशी लिहून, आणि पोच घ्या.