आधी षड्ज स्थिर करा

वाचकांचे प्रश्न : घरी बांधायचा सिंथेसायझर

घरच्या घरी सिंथेसायझर बांधणाऱ्यांची पत्रे गेल्या काही महिन्यांत बरीच आली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. वायरिंगचे फोटो पाठवणाऱ्यांना विनंती, की फोटोबरोबर हाताने काढलेली आकृतीही पाठवावी. ती काढताना निम्म्या चुका ज्याच्या त्यालाच सापडतात.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. सोल्डरिंग येते, पण इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण झालेले नाही. किट घ्यावे, की बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणावेत? आणायचे तर नेमके काय? (एक वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : सुटे भागच आणा. किटमध्ये भाग जागच्या जागी बसतात, आवाजही येतो, परंतु तो का येतो हे कळायला वाव राहत नाही. तुमच्या घरापासून बुधवार पेठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे एखादा रेझिस्टर कमी पडला तर पुन्हा जाण्याचाही त्रास नाही.

पहिल्या प्रयोगाला ४०१०६ ही एकच आयसी पुरेशी आहे. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर (आलेला दाब उलटा करून देणारे स्विच) असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाचा एक रेझिस्टर व एक कपॅसिटर जोडून ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे मंडल, करता येतो. १४ क्रमांकाच्या पिनेला ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक व ७ ला ऋण टोक जोडा. पिन २ आणि १ यांच्यामध्ये १०० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि त्याच्याबरोबर एका रांगेत ४७ किलोओहमचा रेझिस्टर घाला. पिन १ पासून ऋण टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ज्यावर १०४ असे छापलेले असते. आता पिन २ वर चौकोनी लहर मिळेल. ती थेट बाहेर न काढता पिन ३ ला द्या आणि आवाज पिन ४ वरून घ्या, म्हणजे बाहेर काहीही जोडले तरी सूर हलणार नाही. अँप्लिफायरला देण्यापूर्वी १०० किलोओहम व १० किलोओहमच्या जोडीने ती लहर सुमारे ०.८ व्होल्टपर्यंत खाली आणावी आणि पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. नऊ व्होल्टची लहर थेट मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या माइकमध्ये सोडू नये.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. न वापरलेल्या ५, ९, ११ आणि १३ या इनपुट पिना ऋण टोकाला जोडल्याच पाहिजेत. त्या मोकळ्या ठेवल्या तर आयसी आजूबाजूच्या विजेच्या तारांची घरघर उचलते आणि उगाच तापते. दुसरे म्हणजे ४०१०६ नाही म्हणून दुकानदाराने ७४एचसी१४ पुढे केली तर ती घेऊ नका. पिनांचा क्रम तोच असला तरी ती ६ व्होल्टपर्यंतच चालते आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर बहुधा तिचा शेवटच होतो.

कीबोर्डचा विचार एवढ्यात नको. पॉट फिरवून एखादा षड्ज लावा आणि तो पंधरा मिनिटे जागेवर राहतो का, ते तंबोऱ्याशी किंवा पेटीशी ताडून पाहा.

प्रश्न : १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर (दाब १२ व्होल्टवर स्थिर ठेवणारे भाग) घेऊन धन आणि ऋण असा दुहेरी पुरवठा केला. धन बाजू ठीक आहे, पण ७९१२ हात लावू देत नाही इतकी तापते आणि ऋण बाजूला १२ व्होल्ट येत नाहीत. शिवाय संध्याकाळी सर्व आवाजात "घूंऽऽ" असा नाद मिसळतो. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : ही एक चूक नाही, दोन आहेत. ७८१२ आणि ७९१२ दिसायला जुळ्या बहिणी असल्या तरी त्यांच्या पिनांचा क्रम वेगळा असतो. छापील बाजू आपल्याकडे धरली तर ७८१२ वर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम येतो, तर ७९१२ वर ग्राउंड, इनपुट, आउटपुट असा. एवढेच नव्हे, ७९१२ चा धातूचा पाठीचा पत्रा आतून इनपुटला जोडलेला असतो. म्हणून दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रक आणि प्लॅस्टिकची बुशी न घालता बसवल्या, तर हीटसिंकमधूनच शॉर्ट होतो. प्रस्तुत लेखकाने पहिल्या पुरवठ्यात हे दोन्ही प्रताप एकाच रविवारी केले होते आणि जळक्या बॅकेलाइटचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेल्याने पुढचे काही आठवडे काम गच्चीवर करावे लागले होते. नवी ७९१२ बसवण्यापूर्वी मीटरने ऋण बाजूचा कपॅसिटरही तपासा. तो उलटा लागला असण्याची शक्यता दाट आहे.

संध्याकाळच्या नादाचे कारण वेगळे आहे. १२ व्होल्ट एसीचे शिखर सुमारे १७ व्होल्टचे असते, डायोडमध्ये थोडे जाते आणि ७८१२ ला स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट जास्तीचे लागतात. घरातील वीजदाब दहा टक्क्यांनी उतरला की कपॅसिटरवरील दाब १४ व्होल्टच्या काठावर येतो, लहरीचा तळ त्याखाली बुडतो आणि रेग्युलेटर दर सेकंदाला शंभर वेळा श्वास सोडतो. तोच तुम्हाला ऐकू येणारा १०० हर्ट्झचा नाद. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घ्या आणि प्रत्येक बाजूला २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. नाद त्याहून खर्जातला, म्हणजे ५० हर्ट्झचा असेल, तर दोष पुरवठ्यात नसून ग्राउंडच्या तारांत किंवा उघड्या वायरींत आहे. सर्व ग्राउंड एकाच बिंदूवर आणून पाहा.

२३० व्होल्टची बाजू झाकलेली, फ्यूज घातलेली आणि अर्थिंग केलेली असावी. ते जमत नसेल तर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून मधल्या सांध्याला ग्राउंड माना. पुष्कळ मंडळी याला कमीपणा समजतात, पण इतका शांत पुरवठा दुसरा नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर दोन ट्रान्झिस्टर वापरून "एक व्होल्टला एक सप्तक" या पद्धतीचा ऑसिलेटर बांधला. डिसेंबरात सकाळी लावलेला सूर एप्रिलमधील दुपारी ओळखू येत नाही. पहाटे पुन्हा बराचसा जागेवर येतो. भाग बदलून पाहिले, उपयोग झाला नाही. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या भागांत दोष नाही, आपण नकळत एक चांगला तापमापक बांधला आहे. एक व्होल्टला एक सप्तक, म्हणजे दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक चढावा, ही पद्धत रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून बांधलेल्या यंत्रांमुळे रूढ झाली आणि तिचा गाभा ट्रान्झिस्टरच्या एका गुणधर्मात आहे. बेस आणि एमिटर यांच्यामधील दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की कलेक्टरचा प्रवाह दुप्पट होतो, आणि प्रवाह दुप्पट म्हणजे सूर एक सप्तक वर. कानाला सप्तकाची जी पायरी लागते ती सिलिकॉनमध्ये आयती मिळते, म्हणून ही रचना इतकी मोहक वाटते.

अडचण अशी, की त्याच दाबात तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टचा फरक पडतो. १८ मिलिव्होल्टला सप्तक धरले तर २ मिलिव्होल्ट म्हणजे एका अर्धस्वराहूनही अधिक! एकाच ट्रान्झिस्टरवर विसंबलेला ऑसिलेटर सकाळच्या १५ अंशांपासून दुपारच्या ३८ अंशांपर्यंत गेला तर तो अडीच सप्तके इकडेतिकडे होईल. दुसरा ट्रान्झिस्टर असतो तो हा फरक वजा करण्यासाठी, पण त्यासाठी दोघांचे तापमान एकच असावे लागते. आपल्या आकृतीत ते बोर्डाच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे ते दोन वेगळ्या गावी राहिल्यासारखे वागतात.

एक प्रयोग करा. सूर चालू ठेवून एका ट्रान्झिस्टरवर दहा सेकंद बोट टेकवा, मग दुसऱ्यावर. एकावर सूर चढेल, दुसऱ्यावर उतरेल. आता दहाबारा बीसी५४७ ट्रान्झिस्टर घ्या, सर्वांतून समान प्रवाह सोडून बेस-एमिटर दाब मोजा आणि ज्यांत एका मिलिव्होल्टहून कमी फरक आहे अशी जोडी निवडा. मोजताना चिमटा वापरा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, कारण बोटाची ऊब आकडा बिघडवते. निवडलेल्या जोडीच्या सपाट बाजू थर्मल पेस्ट लावून एकमेकींना चिकटवा आणि वरून हीटश्रिंक नळी घाला.

एवढ्याने मोठा भाग सुटेल, पण पूर्ण नाही. त्या १८ मिलिव्होल्टचे मापच तापमानाबरोबर अंशामागे सुमारे ०.३३ टक्क्याने वाढते. म्हणजे जोडी जुळवूनही दहा अंशांच्या फरकाने मूळ स्वरापासून दोन सप्तके दूर असलेला स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चुकतो. यावर तापमानाबरोबर त्याच प्रमाणात वाढणारा खास रेझिस्टर त्या जोडीला चिकटवून बसवतात. तो काउंटरवर सहसा मिळत नाही, मागवावा लागतो. तितका खटाटोप नको असेल तर सीईएम३३४० ही तयार ऑसिलेटरची आयसी किंवा तिची नवी आवृत्ती एएस३३४० घ्यावी. तापमानाचा बंदोबस्त तिच्यात आतूनच केलेला असतो. माझा कल तिच्याकडेच आहे. जोडी जुळवण्यात आनंद आहे हे खरे, पण तो एकदाच.

प्रश्न : आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) आवाज काढला तर त्याला हार्डवेअर सिंथेसायझर म्हणता येईल का? (एक वाचक, विमाननगर)

उत्तर : खुशाल म्हणावे. त्याचा सूर बोर्डावरील क्रिस्टलच्या किंवा रेझोनेटरच्या ठरावीक ठोक्यावर बेतलेला असल्याने एप्रिलमध्येही सहसा हलत नाही, ही जमेची बाजू. फक्त पीडब्ल्यूएमच्या (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या) पिनेवरून येणाऱ्या आवाजात एक बारीक शिट्टी असते. पुढे रेझिस्टर-कपॅसिटरचा एखाददुसरा टप्पा घातला की ती बरीच दबते.

प्रश्न : मी गायन शिकवते. मुलगा ४०१०६ च्या ऑसिलेटरांवर मला तंबोऱ्यासारखा अखंड सूर करून देऊ पाहत आहे, पण चारही सूर दर काही मिनिटांनी वेगवेगळ्या दिशेने सरकतात. माझी पट्टी काळी चार आहे. हे मुळात शक्य आहे का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : शक्य आहे, मात्र चार स्वतंत्र ऑसिलेटर जुळवत बसण्याचा मार्ग सोडावा. तंबोऱ्यातील स्वरांची नाती साध्या पूर्णांकांची आहेत, तेव्हा एकच उंच सूर निर्माण करून तो भागत खाली आणावा. त्याला ६ ने भागले की षड्ज, ८ ने भागले की मंद्र पंचम आणि १२ ने भागले की खर्ज मिळतो. काळी चारचा षड्ज सुमारे २०७.७ हर्ट्झचा, म्हणून मूळ सूर १२४६ हर्ट्झचा हवा. पंचम आपोआप १५५.७ आणि खर्ज १०३.८ वर येतो. मूळ सूर उकाड्याने सरकला तरी सर्व स्वर एकत्र सरकतात आणि षड्ज-पंचमाचे नाते बिघडत नाही.

भागाकाराला ४०१७ ही ठोके मोजणारी आयसी वापरावी. गणपतीच्या मखरात पळते दिवे लावणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून ती गेलेली असते. तिची पिन ५ पिन १५ ला जोडली की ती सहापर्यंत मोजून परत येते, पिन ९ जोडली तर आठपर्यंत. पिन १३ ग्राउंडला, मूळ सूर पिन १४ ला, आवाज पिन ३ वरून. या पिनेवर अरुंद ठोका मिळतो आणि चौकोनी लहरीत नसणारे सम हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या सम पटीतले उपसूर) त्यात असतात, त्यामुळे आवाज भरीव लागतो. खर्जासाठी षड्ज ४०१३ या सूर निम्म्यावर आणणाऱ्या आयसीच्या पिन ३ ला द्या, पिन २ व ५ जोडा, ४ व ६ ग्राउंड करा आणि सूर पिन १ वरून घ्या. उरलेल्या अर्ध्या भागाची इनपुटेही ग्राउंड करा. मूळ ऑसिलेटरला १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, ८२ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० किलोओहमचा पॉट घ्यावा. सिरॅमिक कपॅसिटर येथे नको, तो उष्णतेने बदलतो.

खर्जाचा पाचवा हार्मोनिक ५१९ हर्ट्झवर येतो, म्हणजेच तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गांधार. हा गांधार हार्मोनियमच्या गांधाराहून १४ सेंटने (एका अर्धस्वराचे १०० सेंट) उतरलेला असतो. तो उघड होण्यासाठी फिल्टर लागतो. एलईडी आणि एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) समोरासमोर ठेवून काळ्या हीटश्रिंकमध्ये बंद करा, एलडीआर आवाजाच्या वाटेत घाला, पुढे १० नॅनोफॅरड ग्राउंडला द्या आणि एलईडी दुसऱ्या, अगदी संथ ऑसिलेटरने उजळवा. एलडीआर विझायला वेळ घेतो, त्यामुळे नाद झटक्याने न मिटता तंबोऱ्याच्या जवारीच्या झणकारासारखा उमलतो आणि मिटतो. जवारीची हुबेहूब नक्कल ही नव्हे, पण रियाजाला पुरते. गांधार अधिक उठून हवा असेल तर टीएल०७२ या अँप्लिफायर आयसीवर अनुनाद असलेला सॅलन-की फिल्टर करावा लागेल.

पुरवठा मात्र बॅटरीचाच ठेवा. हडपसरच्या वाचकांचा १०० हर्ट्झचा नाद आठवा; तो आपल्या १०३.८ हर्ट्झच्या खर्जाच्या इतका जवळ आहे की दोन्ही एकमेकांवर आदळून सेकंदाला जवळजवळ चार ठोके पडत राहतील आणि गळा अवघडेल.

राहिली जोडी, म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांचा जोडीचा षड्ज. भागून काढलेले सर्व स्वर एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की नाद निर्जीव वाटतो. म्हणून दुसरा षड्ज स्वतंत्र ऑसिलेटरचा असावा, आणि तो वेगळ्या ४०१०६ वर असावा, कारण एकाच आयसीतील दोन जवळचे सूर पुरवठ्यातून एकमेकांना ओढून घेतात व चिकटतात. दोन्ही आयसींच्या पुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पिनांना लागून बसवा. मग मुलाला मीटर बाजूला ठेवायला सांगून दुसरा षड्ज आपण स्वतः कानाने लावावा. ठोका मंदावत मंदावत तीन सेकंदांना एक असा आला की थांबा. तो अजिबातच नाहीसा झाला, तर सूर जुळला असे न समजता दोन्ही चिकटले असे समजावे आणि पॉट किंचित मागे फिरवावा.