काचेच्या शोकेसला यूव्ही ग्लू लावताना लाईट सलग द्यायचा की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्यानेच द्या. तुम्ही लिहिलंय की आठ मिलिमीटरच्या काचेला सलग तीन मिनिटं लाईट दिला, तरी कडेला चिकटपणा राहिला आणि दोन महिन्यांत एका कोपऱ्याचा जोड सुटला. या दोन तक्रारींचं कारण एकच नाही, म्हणून वेगवेगळं सांगतो. मी नागपुरात इतवारीच्या बाजूला काचकाम करतो. सराफ्यातले काउंटर, ट्रॉफीची कपाटं, असलं काम.

वेल्डर चौकट कशी करतो ते पाहिलंय ना? गुण्यात (काटकोन बघायचं साधन) धरून आधी चार ठिकाणी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके मारतो, पुन्हा गुण्या लावतो, वाकडं दिसलं तर ठोकून सरळ करतो, मगच पूर्ण वेल्ड. एका टोकापासून सलग ओढत नेलं की चौकट ओढली जाते. यूव्ही ग्लूचा हिशेब फारसा वेगळा नाही.

हा ग्लू फेविकॉलसारखा सुकत नाही. त्यातला फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशाने काम सुरू करणारं रसायन, यूव्ही प्रकाश पडला की फुटतो आणि रेणूंच्या साखळ्या जुळायला सुरुवात होते. साखळ्या जुळताना रेणू एकमेकांच्या जवळ येतात, म्हणजे ग्लू आकसतो. अ‍ॅक्रिलेटचे, म्हणजे या कामात नेहमी वापरले जाणारे ग्लू घनफळात काही टक्के तरी आकसतात. जेलीसारखा असेपर्यंत तो थोडा सरकून सावरून घेतो. कडक झाल्यावर मात्र सगळा ताण जोडातच अडकून बसतो. जोरदार लाईटने एका झटक्यात कडक केलं की सावरायला वेळच मिळत नाही. दातात सिमेंट भरताना काही डॉक्टर निळा लाईट आधी मंद आणि मग पूर्ण देतात, तेही याच कारणाने.

माझी पद्धत अशी. काचा कोरड्याच बसवतो, सक्शन कप आणि गुण्या लावून. मग पातळ ग्लू सुईने फटीच्या कडेला सोडतो. तो आपोआप आत ओढला जातो आणि हवा पुढे ढकलत नेतो, म्हणून बुडबुडे कमी. एक-दोन मिनिटं हात लावत नाही. मग ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही ट्यूबने पहिला लाईट, दहा ते पंधरा सेकंद. तेवढ्यात ग्लू घट्ट जेलीसारखा होतो. आता लाईट बंद करून खरं काम सुरू करायचं: गुण्या पुन्हा लावा, आत बुडबुडा आहे का बघा, बाहेर आलेला ग्लू ब्लेडने उचला आणि आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फडक्याने कड पुसा. या वेळी तो सायीसारखा निघतो, नंतर खरवडत बसावं लागतं. वाकडं बसलं असेल तर काचा अजूनही वेगळ्या करता येतात. सगळं ठीक असेल तरच दुसरा लाईट, माझ्या ट्यूबला दोन-तीन मिनिटं. सेकंद माझेच धरू नका. चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॉटचा दिवा ६० सेकंदांत ६०० मिलिज्यूल देतो. तुमच्या बाटलीच्या माहितीपत्रकात किती मागितलेत ते बघून वेळ काढा. हातातली एलईडी टॉर्च असेल तर मधोमध जळजळीत आणि बाजूला अंधुक पडते, म्हणून टॉर्चने फक्त टॅक मारा.

आता चिकटपणा. हवेतला ऑक्सिजन वरच्या थराची साखळी तोडतो, त्यामुळे उघड्या कडेला बोटाला चिकटणारी साय राहते. आत ग्लू पक्का असू शकतो. आणखी दहा मिनिटं लाईट देऊन फारसा फरक पडत नाही, आयपीएने पुसा. म्हणजे चिकटपणावरून जोड कच्चा आहे असं समजू नका आणि तो नसला म्हणून पक्काही समजू नका. खात्री करायची तर त्याच काचेचे दोन तुकडे त्याच पद्धतीने जोडून फोडून बघा. काच तुटली पाहिजे, जोड नाही.

तुमचा कोपरा सुटण्यामागे मला लाईटपेक्षा पाण्याचा संशय आहे. काम मे महिन्यात केलं म्हणता, मग कूलर चालू होता का? नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवा म्हणणं म्हणजे भांडणाला बोलावणं, मला कळतं. पण खसाच्या जाळीतून येणारी हवा ओली असते आणि काचेवर न दिसणारा पाण्याचा थर बसतो. ग्लू त्या थराला धरतो, काचेला नाही. मी काच पुसून हेअर ड्रायरने हलकी गरम करतो, खोलीच्या तापमानाला येऊ देतो, मग ग्लू. तेवढा अर्धा तास कूलर बंद. पोरं कुरकुरतात.

उन्हाचं आणखी एक. एकदा सकाळी दहाला दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, मी फोनवर बोलत होतो आणि ग्लू लावलेली काच उन्हाच्या पट्ट्यात. उन्हात यूव्ही असतोच. परत आलो तर पाच मिलिमीटर वाकडा जोड पक्का झालेला. ती काच वाया गेली. बाटलीही काळ्या पिशवीत ठेवा.

स्टीलचा बिजागर काचेला लावणार असाल तर लाईट काचेच्या बाजूनेच द्या, आणि थोडा लवचिक राहणारा ग्लू घ्या. स्टेनलेस स्टील उष्णतेने काचेच्या जवळपास दुप्पट पसरतं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस आणि जानेवारीत दहा अंश. कडक ग्लू ही ओढाताण झेलत नाही. लॅमिनेटेड काचेतून ३६५ चा दिवा चालणारच नाही, दोन काचांच्या मधला पीव्हीबी प्लास्टिकचा थर यूव्ही जवळपास सगळा अडवतो. तिथे ४०५ चा दिवा आणि त्याला चालणारा ग्लू लागतो. डोळ्यांना यूव्हीचा चष्मा आणि हातात मोजे हवेतच. कच्चा ग्लू रोज लागून एकदा अ‍ॅलर्जी सुरू झाली की सुटत नाही.

सुटलेल्या कोपऱ्यात वरून नवीन ग्लू सोडू नका, जुन्यावर तो नीट धरत नाही. दोन्ही कडांवरचा जुना ग्लू ब्लेडने पूर्ण काढा, अ‍ॅसिटोनने पुसा, नंतर आयपीएने, आणि पुन्हा पहिल्यापासून जोडा. तोवर त्या शोकेसच्या वरच्या फळीवरचा माल उतरवून ठेवा.