परदेशातून मागवलेलं एमआय-१७ चं किट अडकलं असेल, तर आधी हरकत लेखी मागा

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. तुम्ही खारघरचे, वडील हवाई दलात एमआय-१७ या रशियन हेलिकॉप्टरवर फ्लाइट इंजिनिअर होते, त्यांच्यासाठी त्याच्या मॉडेलचं १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) जोडायचं किट परदेशातून मागवलंत आणि ते सीमाशुल्काकडे ‘हे खेळणं आहे, प्रमाणपत्र आणा’ म्हणून अडकून बसलंय. एक एजंट पैसे मागतोय, ते द्यावेत का, आणि किट सुटलंच तर रोटर आणि रंगाचं काय करायचं, हे तुमचे प्रश्न. मी हेलिकॉप्टरचा निवृत्त पायलट. चेतक आणि चीतावर सुरुवात झाली, पुढची बरीच वर्षं एमआय-१७ वर गेली. आता ठाण्यात कोलशेतला राहतो आणि मॉडेलं करतो. तुमचं पार्सल जिथे अडकलंय, तिथेच माझंही एक अडकलं होतं.

एजंटला पैसे देऊ नका. तो जे करणार ते तुम्ही स्वतः एका ईमेलने करू शकता, आणि त्याने तोंडी काय कबूल केलं याचा तुमच्याकडे काहीच पुरावा राहणार नाही.

मी वकील नाही आणि आयात-निर्यातीचा जाणकारही नाही. नियम बदलत राहतात, त्यामुळे खाली जे लिहितोय ते आजच्या तारखेला तपासून मगच वापरा. पण एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती तर फार बरं झालं असतं: इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि समोरचा माणूस ते एकत्र करून बोलतो.

पहिला प्रश्न शुल्काचा. सीमाशुल्काच्या तक्त्यात ९५०३ या शीर्षाखाली खेळण्यांबरोबर स्केल मॉडेलंही येतात. त्या शीर्षाचं मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७० झालं. वैयक्तिक वापराच्या पार्सलला नेमका कुठला दर लावला ते तुमच्या पावतीवर दिसेल. जास्त वाटलं तरी त्यावर फार वेळ घालवू नका.

दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० सालचा, १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यात भारतीय मानक चिन्ह बंधनकारक आहे, पण कशाला? १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेल्या वस्तूंना. तुमच्या किटच्या खोक्यावर बहुधा ‘१४ वर्षांवरील’ असं छापलेलं असेल. जोडायला सुरी आणि सिमेंट (प्लास्टिकचा गोंद) लागणारी, दाण्याएवढे सुटे भाग असलेली ही वस्तू लहान मुलासाठी नाही हे उत्पादकाने स्वतःच लिहिलेलं असतं. म्हणून तुमचं म्हणणं असं असायला हवं: शुल्क जे बसेल ते भरायला मी तयार आहे, पण हा आदेश या वस्तूला लागू होत नाही, आणि होतो असं आपलं मत असेल तर कोणत्या कलमाखाली ते लेखी द्या.

‘लेखी द्या’ हे दोन शब्द विसरू नका. माझं जे गेलं ते तोंडी बोलण्यात गेलं.

लडाखमध्ये माझ्याबरोबर जे फ्लाइट इंजिनिअर होते, ते सातारा जिल्ह्यातले. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. गिअरबॉक्सचा आवाज बदललेला त्यांच्या कानाला आधी कळायचा, गेजचा काटा नंतर हलायचा. सगळ्यात पुढच्या चौक्यांवर चीता जायचं, आमचं काम खालच्या तळांवर माल पोचवायचं. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, इंजिन हाताशी असलेल्या ताकदीचा शेवटचा थेंब देत असतं, आणि अशा वेळी ‘साहेब, आता नको, पाच मिनिटं थांबू’ म्हणणारा माणूस शेजारी असणं म्हणजे काय हे ज्याने उडवलंय त्यालाच कळेल. त्यांच्या अमृतमहोत्सवाला आम्ही दोघांनी मिळून उडवलेलं तेच यंत्र, त्याच क्रमांकासह, करून द्यायचं मी ठरवलं होतं. जुन्या साध्या एमआय-१७ चं किट शोधलं, मागवलं, ते मुंबईत पोचलं.

आणि अडकलं. पहिल्या टेबलावर सांगितलं, खेळणं आहे, प्रमाणपत्र लागेल. मी खोक्याचा फोटो दाखवला. मग दुसऱ्या टेबलावर कोणीतरी बिलावरचा ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द वाचला आणि नवीन हरकत निघाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली होती, तेव्हा हे त्यात बसतं का बघावं लागेल म्हणे. ज्यात मोटर नाही, बॅटरी नाही, रेडिओ नाही, जे प्लास्टिकच्या चौकटींवर सुटे भाग म्हणून येतं, ते उडणार कसं? मी विचारलं. उत्तर मिळालं, वर विचारतो. ‘वर’ कोण, ते कोणी सांगेना. फोन लागायचा नाही, लागला तर आधीच्या माणसाची बदली झालेली. एकाही हरकतीचा कागद मला दिला नाही, ट्रॅकिंगवर फक्त ‘रोखून ठेवलं’ एवढंच. माझ्याकडे दाद मागायला काही नव्हतं, कारण नाकारल्याचा आदेशच कुठे नव्हता. शेवटी ठेवण्याची मुदत संपली म्हणून पार्सल परस्पर परत गेलं. विक्रेत्याने परतीचा खर्च कापून पैसे दिले, आणि तोवर ते किट बाजारातून संपलेलं होतं.

अमृतमहोत्सवाला मी फोटो फ्रेम करून नेला. ते खूश झाले, तसा माणूसच तो. पण ज्यांनी आयुष्यभर सुट्या भागांच्या नोंदवह्या एका अक्षराची चूक न होऊ देता लिहिल्या, त्यांच्या भेटवस्तूबद्दल एका कार्यालयाला एक ओळ लिहिता आली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या कार्यालयाचं नाव इथे घेणार नाही. तिथे भले लोकही असतील. पण ही पद्धत वाईट आहे आणि ती मी वाईटच म्हणणार.

तुमच्या हातात अजून वेळ आहे. ज्यांनी पार्सल रोखलंय त्यांना आजच ईमेल करा. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून घ्या, बिल जोडा, आणि वस्तूचं वर्णन असं लिहा: न जोडलेली, प्लास्टिकची, स्थिर प्रतिकृती, मोटर, बॅटरी, रेडिओ काही नाही, प्रौढांच्या छंदासाठी. विक्रेत्याकडूनही याच शब्दांत पत्र मागवा. बिलावर नुसतं ‘हेलिकॉप्टर’ असेल तर ते पत्र फार उपयोगी पडतं. उत्तर आलं नाही तर सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर, तक्रार नोंदवा, आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका: माझ्या पार्सलवर काय शेरा आहे, कोणत्या नियमाखाली आहे, त्याची प्रत द्या. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीस दिवसांत मुदत संपत असेल तर ईमेलमध्येच स्पष्ट मागणी करा की निर्णय होईपर्यंत पार्सल परत पाठवू नये. माझ्या वेळी हे मला कोणी सांगितलं नाही.

किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला कधीही सांगू नका. भेटवस्तू म्हणूनही लिहायला सांगू नका, २०१९ च्या अखेरीपासून भेट म्हणून पार्सल मागवण्यावर बंधनं आहेत, आणि खोटं एकदा सापडलं की तुमचं खरं म्हणणंही कोणी ऐकत नाही. मी स्वतः आता भारतातल्या दुकानदारांनी आणलेली किटंच घेतो किंवा ओळखीच्या मॉडेलवाल्यांशी अदलाबदल करतो. महाग पडतं, पण मन शांत राहतं.

आता यंत्राकडे येतो. सँडपेपर, जोड भरणं, नाकात वजन, हे तुम्हाला येत असणार. ते सोडून देतो.

सगळ्यात आधी वडिलांना विचारा, कुठल्या वर्षांत आणि कुठलं एमआय-१७. व्ही-५ ही त्याची नवी आवृत्ती, २०१२ पासून आली. तिचं नाक पुढे निघालेलं आणि मागे रॅम्प, म्हणजे खाली उघडणारी उतरंड. जुन्या यंत्राचं नाक गोल, काचांचं, आणि मागे दोन कवाडांसारखे उघडणारे दरवाजे. नव्वदीतल्या आठवणींसाठी व्ही-५ चं किट घेतलं तर वडील काही बोलणार नाहीत, पण ते त्यांचं यंत्र नसेल. दुसरी खूण शेपटीच्या पंख्याची: एमआय-१७ च्या आधीच्या एमआय-८ ला तो उजवीकडे, एमआय-१७ ला डावीकडे. उजव्या बाजूच्या बाहेरच्या टाकीच्या पुढे हीटरचं घर असतं, ते नीट करा. लेहच्या सकाळी त्या हीटरची किंमत तुमचे वडील तुम्हाला सांगतील.

मुख्य रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. फ्रेंच वंशाच्या चेतक-चीताचाही तसाच, नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरचा मात्र उलट. पात्याची जाड, गोलसर कड पुढे येते, म्हणून उलट फिरणाऱ्या रोटरच्या अमेरिकन मॉडेलांची सवय असलेले लोक पाचही पाती उलटी चिकटवतात. आणि किटमधली पाती सरळसोट असतात. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, टोकाकडे जास्त. गरम पाण्यात क्षणभर धरून हलक्या हाताने बाक द्या, पाचही सारखी. एवढं एक केलं की मॉडेल जमिनीवर उभं असल्यासारखं दिसतं. चेतक कधी केलंत तर तीन पात्यांना जोडणाऱ्या बारीक तारा विसरू नका, बहुतेक जण विसरतात. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीवर येतात त्या स्प्रूचा तुकडा तापवून ओढला की छान तार होते.

कॉकपिटमध्ये दोन पायलटांच्या सीटांच्या मधे, थोडी मागे, फ्लाइट इंजिनिअरची सीट असते. किटमध्ये असेल तर आवर्जून लावा, नसेल तर पातळ प्लास्टिकची करा. ती तुमच्या वडिलांची जागा आहे. १/७२ मध्ये ती काचेतून जेमतेम दिसेल, तरी करा.

गंज रंगवू नका. मी हे प्रत्येक मॉडेलवाल्याला सांगतो आणि काहींना राग येतो. यंत्राची कातडी ॲल्युमिनियमची असते, ती तांबूस गंजत नाही. आपले एअरमन रोज यंत्र पुसतात. एक्झॉस्टच्या मागे काजळी, चाकांशी आणि पोटाशी धूळ, दरवाज्याच्या उंबऱ्यावर बुटांनी उडालेला रंग, इतकंच खरं. रॉकेट पॉड (रॉकेटांची नळकांडी) लावणार असाल तर कारगिलच्या फोटोंवरूनच लावा. २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर आपलं एक एमआय-१७ चार जणांसह पाडलं गेलं, त्या काळातल्या जोडण्या अंदाजाने करू नयेत. फोटो प्रसिद्ध झालेलेच वापरा. सेवेत असलेल्या कोणाकडे तळावरचे फोटो मागू नका, त्याला अडचण होते. एकच यंत्र ओव्हरहॉलनंतर वेगळ्या रंगात दिसतं, म्हणून वर्ष आणि झेड ने सुरू होणारा क्रमांक एकाच फोटोतून घ्या. हवाई दलाच्या गोल बिल्ल्यात केशरी बाहेर, हिरवा मध्यभागी.

रंग पावसाळ्यात मारू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की लॅकर सुकताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर पाणी धरतं आणि पांढुरकी झाक येते. खाडीजवळच्या घरांत जास्तच. दिवाळी झाल्यावर मारा, किंवा एसीची खोली काही तास कोरडी करून घ्या. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची क्रमांक-बिल्ल्यांची चित्रं) हवाबंद पिशवीत ठेवा. पिवळी पडली असतील तर तशीच पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा, पिवळेपणा बराच उतरतो.

१/४८ घेऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. रोटरचा व्यास सुमारे २१.३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये ३० सेंटिमीटर, १/४८ मध्ये ४४, आणि १/३५ मध्ये तब्बल ६१. शोकेस मोजा आणि ठरवा. वडिलांची नजर कमी झाली असेल तर १/४८ घ्या, त्यांना ती मधली सीट दिसेल.

ईमेलचा मसुदा करून इथे टाका, नाव-पत्ता आणि पार्सल क्रमांक झाकून. मी उद्या सकाळी पाहतो. आणि त्या कार्यालयाकडून पहिला कागद हाती आला की त्यावरचा शेरा शब्दशः लिहा, पुढचं उत्तर त्यावरच ठरेल.