लहान मोठा करायचा की मोठा लहान?

"ताई, मी २४ वर्षांची आहे. माझा डावा स्तन उजव्यापेक्षा जवळपास दोन कपांनी मोठा आहे. वयात आल्यापासून हे असंच आहे. ब्रा मापाची मिळत नाही, मग उजव्या कपात कापडाची घडी ठेवते. पोहायला जाणं कधीच सोडलं. आता नोकरी आहे, ऑपरेशनसाठी पैसे बाजूला टाकतेय. उजव्या स्तनाच्या आत आकार वाढवणारं इम्प्लांट बसवून घ्यावं असा विचार आहे. बहीण म्हणते, हे नसते लाड आहेत, मुलं झाली की सगळं आपोआप सारखं होतं. माझं काही चुकतंय का?"

चुकत नाहीये, आणि हे लाडही नाहीत. थोडा फरक तर बहुतेक बायकांमध्ये असतोच, तो कपड्यांतून दिसतही नाही. पण दोन कपांचा फरक रोज ब्रा घालताना जाणवतो, त्यापायी तू पोहणं सोडलंस. त्याचा त्रास होणं अगदी साहजिक आहे. बहिणीचं एक म्हणणं मात्र मुळीच पटत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना स्तनांचा आकार बदलतो, पण त्याने दोन्ही सारखे होतील याचा काही नेम नाही. कधीकधी फरक वाढतोसुद्धा.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, ते इम्प्लांटचं. ते तू ठरवूनच टाकलं आहेस असं वाटतं. आरशासमोर उभी राहा आणि स्वतःला विचार, दोन्हींपैकी कोणता स्तन तुला आपला वाटतो? किती मुली इथे थबकतात! उजवा आवडत असेल, डावाच जड आणि ओघळलेला वाटत असेल, तर डावा लहान करून वर उचलण्याचं ऑपरेशन तुझ्यासाठी जास्त योग्य ठरू शकतं. त्यात शरीरात बाहेरची वस्तू राहत नाही. व्रण मात्र राहतात, बहुधा स्तनाग्राभोवती आणि तिथून खाली. ते वर्षभरात फिके होतात, पुसले जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे दूध कमी येण्याचीही शक्यता असते. मूल हवं असेल तर हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांग.

डावा आवडत असेल तर उजवा भरायचा. इम्प्लांटने एकदम मोठा फरक भरून निघतो, पण एकाच बाजूला बसवलं तर पुढचं गणित कठीण होतं. वजन वाढलं-उतरलं, वय झालं की डावा बदलत जातो, इम्प्लांट मात्र आहे तसंच राहतं. काही वर्षांनी फरक पुन्हा दिसू लागू शकतो. शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं. भोवतीचं आवरण आवळून ते कडक होऊ शकतं, फाटू शकतं, बदलावं लागू शकतं. सिलिकॉनचं असेल तर अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ५ ते ६ वर्षांनी आणि त्यानंतर दर २ ते ३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून घ्यायला सांगतं, कारण ते फाटलेलं बाहेरून कळेलच असं नाही. म्हणजे पैसे साठवताना फक्त पहिल्या ऑपरेशनचा हिशोब करून भागायचं नाही.

पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरण्याचीही पद्धत आहे. ती आपलीच असल्याने स्पर्श नैसर्गिक वाटतो. त्यातली काही शरीर शोषून घेतं, म्हणून दोन कपांचा फरक एका बैठकीत भरेल असं धरून चालू नकोस. अनेकदा सर्जन एक बाजू थोडी कमी करतात आणि दुसरी थोडी भरतात. तुझ्या बाबतीत हा मधला मार्ग नक्की विचारून बघ.

हे सगळं करण्याआधी डॉक्टरकडून नीट तपासून घे. फरक वयात आल्यापासूनचा आहे म्हणून फार काळजी नको. पण तो अलीकडे वाढला असेल, गाठ लागत असेल, कातडीला खळी पडत असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल तर आधी त्याचा छडा लावायचा. कधी छातीचा स्नायू जन्मतःच अपुरा असतो, कधी पाठीचा कणा वाकडा असल्यामुळे फरक मोठा भासतो. तेव्हा ऑपरेशनचा बेतच बदलतो.

चांगला सर्जन तुला उभं करून किंवा बसवून बघेल, गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेपने माप घेईल. ऑपरेशनच्या दिवशी मार्करच्या रेघा मारतानाही तू उभी किंवा बसलेली असायला हवीस, कारण आडवं झाल्यावर आकार बदलतो. तपासताना महिला नर्स सोबत हवी, तसं बिनधास्त सांग. दोन्ही तंतोतंत सारखे करून देतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून ये. तुझ्याइतकाच फरक असलेल्या बायकांचे आधीचे आणि वर्षभरानंतरचे फोटो माग. दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली तर खर्च कोणाचा, तेही लिहून घे. सिगारेट ओढत असशील तर आधीच बंद करावी लागेल, तिच्यामुळे जखम नीट भरत नाही.

या सगळ्याला वेळ लागेल. तोवर ब्रामधली कापडाची घडी काढून टाक. एका बाजूला घालायचे सिलिकॉनचे अर्धे पॅड मिळतात, पोहण्याच्या पोशाखात बसणारेही असतात. ते घालून पोहायला जा. ऑपरेशनचं जे ठरायचं ते ठरू दे, पोहणं त्यासाठी अडवून ठेवू नकोस.