कार्टून रात्री का बंद व्हायचं आणि मराठीत का नव्हतं

तुम्ही विचारलंय की सोलापूरच्या साखर पेठेत आजोळी असताना संध्याकाळी कार्टून नेटवर्क मधेच जाऊन जुने इंग्लिश पिक्चर का लागायचे, आणि हे चॅनेल मराठीत का आलं नाही. मी 1997 पासून दहा-बारा वर्षं पूर्व भागात केबलच्या कंट्रोल रूममधे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे ते आम्ही बंद करत नव्हतो, चॅनेलच तसं होतं. अमेरिकेतल्या टर्नर कंपनीनं 1986 ला एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओच्या जुन्या पिक्चरचा साठा घेतला, टॉम अँड जेरी त्यातच आले, मग 1991 ला हॅना-बार्बेरा ही कार्टून कंपनी घेतली म्हणजे स्कूबी-डू, फ्लिंटस्टोन्स सगळं हातात, आणि 1 ऑक्टोबर 1992 ला तिकडं कार्टून नेटवर्क सुरू केलं. आपल्याकडं ते 1 मे 1995 ला आलं पण एकाच चॅनेलवर दोन दुकानं, दिवसा कार्टून आणि रात्री टीएनटी हे टर्नरचंच दुसरं चॅनेल, त्यावर तेच जुने पिक्चर. 1 जुलै 2001 पासून 24 तास कार्टून झालं.

सुरुवातीला सगळं इंग्लिशमधे. तरी पोरं बघायची कारण टॉम अँड जेरीला भाषाच लागत नाही. आमच्या गल्लीत एका घरी तेलुगू, शेजारी कन्नड, समोर मराठी, पलीकडं उर्दू, आणि ज्याच्याकडं टीव्ही त्याच्या दारात सगळी बसलेली, आत आई विड्या वळतीय, मागच्या खोलीत माग खडखडतोय, आवाज ऐकूच येत नाही तरी हसून हसून पोट धरलेलं. हे मी रोज वायर जोडायला जाताना बघितलंय.

1999 ला हिंदी आलं आणि चित्रच बदललं. स्वॅट कॅट्सच्या टायमाला पेठेत क्रिकेट बंद पडायचं. आता इथं एक गोष्ट समजून घ्या, केबलमधे एका चॅनेलला एकच आवाज सोडता यायचा. कंट्रोल रूममधल्या चॅनेल पकडायच्या यंत्रावर, म्हणजे रिसिव्हरवर, आम्ही जी भाषा लावू ती सगळ्या पेठेला, घरी रिमोटवर बदलायची सोय नव्हती. लाइट जाऊन आली की आमचा रिसिव्हर परत इंग्लिशवर यायचा आणि दोन मिनिटात फोन सुरू, "अण्णा, हिंदी लावा की, स्कूबी चाललाय!" पोरगं तेलुगू घरातलं, बोलायचं माझ्याशी मराठीत, मागायचं हिंदी. आमच्या भागातली कित्येक पोरं हिंदी बोलायला शाळेआधी इथंच शिकली असं माझं ठाम मत आहे.

पुढं मुलांच्या चॅनेलची गर्दी झाली. 2004 च्या 1 जानेवारीला पोगो, त्याच सप्टेंबरात हंगामा, डिसेंबरात डिस्ने. 2008 ला पोगोवर छोटा भीम आला, तो हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा, आणि आमच्याकडं निम्म्या घरांचे पाहुणे हैदराबादेत, त्यामुळं तो आपलाच असल्यासारखा वाटायचा.

मराठीचं दुखणं मला तेव्हापासून आहे. सन नेटवर्कनं 2007 ला तमिळमधे चुट्टी टीव्ही काढला, 2009 ला तेलुगूत खुशी आणि कन्नडमधे चिंटू, 2011 ला मल्याळममधे कोचू. म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू आणि कन्नड या दोघींना स्वतःचं लहान मुलांचं चॅनेल मिळालं आणि ज्या राज्यात आपण राहतो त्या भाषेला तेव्हा नाही. कारण माझ्या मते सरळ आहे, मराठी पोराला हिंदी कळतं असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं, आणि कळतं ते खरं, पण कळणं वेगळं आणि आपल्या भाषेत हसणं वेगळं. पैसा घालायला इथलं कोणी पुढं आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

31 मार्च 2013 च्या मुदतीत सोलापुरात सेटटॉप बॉक्स सक्तीचे झाले, आणि भाषा निवडायचं काम कंट्रोल रूममधून घरातल्या रिमोटवर आलं. नंतर निक आणि सोनी येय या मुलांच्या चॅनेलनी मराठी आवाजही दिला. पण बॉक्स हिंदीवर लावलेला असतो आणि लोक तसंच बघतात. तुमची लेक पाच वर्षांची आहे म्हणालात ना, तर आज चॅनेल लावून रिमोटवरचं ऑडिओ किंवा लँग्वेजचं बटण दाबून बघा, मराठी दिसली नाही तर तुमच्या केबलवाल्याला फोन करा आणि मागा, आम्ही फोनवरच ऐकायचो.