तोडफोड न करता बाथरूम नवं करायचंय?

टाइल्स न फोडायचं ठरवलंत, हे उत्तम. पण लगेच नवा आरसा आणि पडदा आणायला धावू नका. आधी टाइल्सच्या सांध्यांतला ग्राउट, म्हणजे तिथे भरलेलं सिमेंटसारखं मिश्रण, घासा; निम्मं बाथरूम तिथेच उजळतं. ॲसिड आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. संगमरवर असेल तर व्हिनेगरसुद्धा नको, चकाकी जाते.

मग सिलिकॉन, म्हणजे फटीतून पाणी झिरपू न देणारं रबरासारखं भरण. बेसिनच्या कडेची काळी पडलेली पट्टी पूर्ण खरवडून काढा, जागा खडखडीत कोरडी करा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून सिलिकॉन भरा, ओलं बोट एका दमात फिरवा आणि टेप लगेच काढा. 24 तास पाणी लागू देऊ नका. जुन्यावरच नवं थापणं ही नवख्यांची हमखास चूक. ते धरतच नाही.

बाकी थोडक्यात:
- बुरशीवर रंग फासू नका. ओल कुठून येते ते आधी शोधा.
- बल्ब 3000 केल्विनच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा घ्या. पांढराफेक उजेड चेहऱ्याला आजारी कळा आणतो.
- हुक, टॉवेलचा दांडा एकाच फिनिशचे. स्वस्त चालतील, पण गंजणारे नकोत.

टाइल्स रंगवायचं तूर्त डोक्यातून काढा. होतं तेही, पण पूर्वतयारीच फार. आधी सिलिकॉनवर हात बसू द्या.